गोरखचिंच आणि तिची माणसे



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरविली जाते, त्यांचा वनस्पतिशास्त्र शिकविण्याचा परिपाठ असा होता की, झाडाचे वर्णन मुळापासून फुलापर्यंत पुरे झाले तरी ते पुस्तक मिटीत नसत. त्या झाडाखाली बाजार कोणत्या वारी भरतो, त्याची साल कोण सोलतो, त्याचे फळ कोणाच्या घरी कोणत्या दुखण्यात काढले जाते, हे कळल्यावाचून झाड कळले असे ते मानीत नसत. त्या परिपाठाला अनुसरूनच आज एका वृक्षाविषयी बोलावयाचे मी योजिले आहे.

हा वृक्ष म्हणजे बाओबाब. आपल्याकडे त्याला गोरखचिंच म्हणतात. वसईच्या किल्ल्यात फिरलेल्यांनी आणि मुंबईच्या राणीच्या बागेत मुलाबाळांना घेऊन गेलेल्यांनी तो पाहिलेला असेल, आणि एकदा पाहिला असेल तर त्याचे राखी रंगाचे, तळाशी फुगलेले अवाढव्य खोड ते विसरले नसतील. परंतु त्याचे माहेर आफ्रिका. सहाराच्या दक्षिणेस सेनेगालपासून सुदानपर्यंत आणि तेथून खाली केनिया, टांझानिया, मोझांबिक, झिंबाब्वे ओलांडून लिंपोपोच्या खोऱ्यापर्यंत, जेथे वर्षातून चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे ऊन, तेथे हा वृक्ष राहतो. याचे सहा भाऊबंद मादागास्कर बेटात आहेत आणि एक दूर ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात आहे. पण मी प्रामुख्याने आफ्रिकेच्या भूमीवरील वृक्षाविषयीच बोलेन, कारण माणसाशी त्याचा जो व्यवहार तेथे जुळला, तसा क्वचितच कोठे जुळला असेल.

लाकडाच्या व्यापाऱ्याला विचाराल, तर तो या झाडाकडे ढुंकून पाहणार नाही. याचे लाकूड इतके मऊ आणि पाणथळ की त्याची तुळई होत नाही, फळी होत नाही, आणि ओले असताना ते जळतही नाही. ज्या झाडाचे घनफूट विकता येत नाही, ते सरकारी जंगलाच्या जमाखर्चात निरुपयोगी ठरते. आणि तरीही पश्चिम आफ्रिकेतील खेड्यापाड्यांत ज्या एका झाडावाचून संसार चालणे कठीण, ते झाड हेच होय. या दोन गोष्टींत मला विरोध दिसत नाही; किंबहुना माझे आजचे प्रतिपादन हेच आहे की, अवर्षणाशी झुंजण्यासाठी या वृक्षाने स्वतःच्या देही जे जे निर्माण केले, तेच माणसाच्या उपयोगी पडले, आणि ते झाड न तोडता घेता येत असल्यामुळेच माणूस आणि झाड हे दोघेही शतकानुशतके एकमेकांपाशी टिकले.

प्रथम खोडाचा विचार करू. पूर्ण वाढलेला बाओबाब उंचीने फार मोठा नसतो; वीस-पंचवीस मीटर म्हणजे पुष्कळ झाली. पण त्याचा घेर वीस मीटरांच्याही पुढे जातो. ताज्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग नुसते पाणी असते. साहजिकच प्रवाशांनी आणि पुस्तककारांनी असे लिहून ठेवले की, हा वृक्ष म्हणजे पाण्याचा रांजण असून कोरड्या महिन्यांत तो त्यातील पाणी पीत पीत दिवस काढतो. ही समजूत अगदी खोटी नाही, पण ती अपुरी आहे. मादागास्करातील बाओबाबांवर काही वर्षांपूर्वी जे सूक्ष्म संशोधन झाले, त्यात असे आढळले की, रोजच्या उन्हाची तहान भागविण्यासाठी हा वृक्ष खोडातील साठ्याला सहसा हात लावीत नाही. कोरड्या ऋतूत तो पाने टाकून देतो आणि व्यवहारच बंद करतो. मग पावसाळा तोंडावर आला, पण आकाशातून अद्याप थेंब पडलेला नाही, अशा वेळी तो खोडातले पाणी काढून त्यावर नवी पालवी फोडतो, आणि पाऊस प्रत्यक्ष येईपर्यंत त्या कोवळ्या पानांची पर्णरंध्रे मिटलेली ठेवतो. त्या प्रदेशात पावसाचे दिवस मोजके. पहिली सर आल्यावर जे झाड पालवू लागेल, त्याचे काही आठवडे फुकट जातील. बाओबाब पहिल्या सरीला पानांनिशी सज्ज असतो. साठविलेले पाणी दुष्काळात पुरवून पुरवून वापरण्यासाठी नसून सुगीचा आरंभ साधण्यासाठी आहे, हा शोध मला या वृक्षाच्या चरित्रातील सर्वांत सुंदर प्रकरण वाटतो.

त्या पाण्याचे दुसरेही एक काम आहे. बाओबाबचे लाकूड काष्ठतंतूंनी भरलेले नसून त्यात पातळ भित्तींच्या मृदू पेशींचेच प्राबल्य असते. सागाचे लाकूड ज्या कणखरपणावर उभे राहते, तो कणखरपणा त्यात नाही. पेशी पाण्याने टरारलेल्या राहतात म्हणूनच त्याला ताठपणा येतो. शिवाय लाकूड दुबळे, म्हणून खोड जाड करावे लागते. खोड जाड, म्हणून पाणी अधिक मावते. आणि पाणी खर्ची टाकले, तर आधारच सुटतो. यावरून त्याची काटकसर ध्यानात येते. पाऊसमान जसे कमीअधिक होईल तसा खोडाचा घेरही थोडाफार फुगतो आणि आकसतो, हे मोजमापाने सिद्ध झालेले आहे. एखाद्या वर्षी मोजलेला बाओबाब पुढे मोजला असता चक्क बारीक झालेला आढळतो.

पाने नसताना हा वृक्ष अगदीच निर्जीव असतो असेही नव्हे. त्याच्या गुळगुळीत सालीवर नखाने थोडे खरवडले असता आत हिरव्या रंगाचा एक पातळ थर दिसतो. ते हरितद्रव्य होय, आणि त्याच्या योगे पर्णहीन अवस्थेतही थोडेफार अन्न तयार होत राहते. मुळे फार खोल जात नाहीत. ती जमिनीच्या वरच्या थरातच चोहोबाजूंना, झाडाच्या उंचीपेक्षाही दूरवर पसरतात, आणि हलक्या सरीचे पाणी वाहून जाण्यापूर्वी वरच्यावर टिपून घेतात. रोपट्याची तऱ्हा मात्र निराळी. त्याचे मूळ जमिनीत मांसल कंदासारखे फुगते, आणि पहिली काही वर्षे त्या कंदाच्या जिवावर ते कोरडे ऋतू काढते. मोठ्या झाडाचे पान हाताच्या बोटांप्रमाणे पाच ते सात दलांचे असते, पण रोपट्याचे पान अविभक्त व साधे असते. त्यामुळे बाओबाबाखाली आयुष्य काढलेल्या माणसालाही त्याचे पोर ओळखू येत नाही, आणि बाओबाबाला बालपणच नसते अशा कथा आफ्रिकेत ठिकठिकाणी प्रचलित आहेत.

फुलाविषयी थोडक्यात सांगतो. लांब देठावर खाली लोंबणारी वीतभर रुंदीची पांढरी फुले सायंकाळी उमलतात. पाकळ्या मागे वळतात आणि शेकडो पुंकेसरांचा झुबका खाली सुटतो. वास आपल्याला रुचेल असा नसतो, किंचित कुजकट असतो, पण तो आपल्यासाठी नाहीच. फलाहारी वटवाघळे मधासाठी त्या झुबक्याला बिलगतात आणि पराग अंगावर घेऊन दुसऱ्या झाडाकडे जातात. आफ्रिकेच्या दक्षिण भागात हेच काम मोठे निशाचर पतंग करतात असे अलीकडे आढळले आहे. दुसऱ्या दिवशी फूल तपकिरी पडून गळते. स्वतःच्याच परागाने या झाडाला फळ क्वचितच धरते; एकटे उभे असलेले झाड वर्षानुवर्षे फुलूनही वांझ राहते, त्याचे कारण हे. ही बाब कृपा करून ध्यानात ठेवावी. शेवटी मला तिचा उपयोग करावयाचा आहे.

आता हे फळ पाहा. मांडूच्या किल्ल्याच्या रस्त्यावर बाया टोपल्यांतून विकावयास बसतात, तेथून ते आणले आहे. वरचे कवच लाकडासारखे टणक, पण त्यावर हिरवट-पिवळसर मऊ लव अशी दाट की हात फिरविल्यास मखमलीचा भास होतो. हलविले तर आत खुळखुळते. दगडावर आपटून फोडले म्हणजे आत रस नाही, ओलावा नाही. लालसर शिरांच्या जाळ्यात पांढऱ्या, ठिसूळ गराचे खडे अडकलेले असतात, आणि प्रत्येक खड्याच्या पोटात एक काळपट, मूत्रपिंडाच्या आकाराचे बी. खडा जिभेवर ठेवला की बत्ताशासारखा विरघळतो आणि चिंचेपेक्षा सौम्य, लिंबापेक्षा कोरडी अशी आंबट चव तोंडभर पसरते. या फळाचे वैशिष्ट्य हे की ते झाडावरच वाळते. त्याला उन्हात घालावे लागत नाही, मीठ लावावे लागत नाही, आणि कवच शाबूत असेतो ते महिनोन्महिने टिकते. ज्या देशात आठ महिने हिरवे काही मिळत नाही, तेथे हे आंबट चूर्ण म्हणजे क जीवनसत्त्वाचा राखीव साठाच होय, आणि वजनास वजन घेतले असता त्यातील क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट भरते. शिवाय कॅल्शियम आणि पेक्टिनही त्यात भरपूर असते.

सेनेगालमध्ये या गराचे सरबत करतात, त्याला ‘बुई’ म्हणतात. सुदानात याच फळाला ‘गोंगोलेझ’ म्हणतात आणि पाण्यात कालवून पोट बिघडल्यावर देतात. टांझानियाच्या किनाऱ्यावर गराचे खडे साखरेत व रंगात घोळवून त्यांचा खाऊ करतात; तो ‘उबुयु’ या नावाने पोरे रस्त्यात चोखीत हिंडतात. या फळाचा व्यापारही जुना आहे. प्रॉस्पेरो अल्पिनी या इटालियन वैद्याने 1592 साली इजिप्तच्या वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या फळाचे वर्णन आहे. झाड मात्र इजिप्तमध्ये उगवतच नाही, फळ कैरोच्या बाजारात दक्षिणेकडून येत असे. ज्या फळाची ओळख युरोपला चारशे वर्षांपूर्वी झाली, त्याच्या गराला खाद्यपदार्थ म्हणून युरोपीय संघाची रीतसर मंजुरी 2008 साली मिळाली, आणि आता परदेशांतील दुकानांत त्याचे चूर्ण बरेच महाग विकले जाते. हे फळ गोळा करणाऱ्या स्त्रियांच्या पदरात त्यातले किती पडते, हा प्रश्न त्या व्यापाराला विचारीत राहावयास हवा.

फळापेक्षाही पानाचा उपयोग नित्याचा आहे, पण त्याकडे परदेशी व्यापाऱ्यांचे लक्ष कमी गेले, कारण तो स्वयंपाकघरातला आहे. बाओबाब हा भेंडीच्या कुळातला आणि आपल्या काटेसावरीचा नातलग. भेंडीचा बुळबुळीतपणा त्याच्याही पानात आहे. पावसाळ्यात कोवळी पाने खुडावयाची, सावलीत वाळवावयाची, कुटून त्यांची हिरवी पूड करावयाची आणि वर्षभर ती कालवणात टाकावयाची, हा पश्चिम आफ्रिकेचा घरोघरचा परिपाठ. सेनेगालमध्ये ही पूड बाजरीच्या शिजविलेल्या दाण्यांत मिसळतात, तिला ‘लालो’ म्हणतात. उत्तर नायजेरियातील हौसा लोक तिच्यापासून ‘मियान कुका’ नावाचे दाट कालवण करतात. पानांसाठी खेड्याजवळची झाडे वरचेवर खुडली जातात, त्यामुळे त्यांना फळे कमी धरतात. म्हणून कित्येक ठिकाणी पानांची झाडे वेगळी आणि फळांची वेगळी, असा बंदोबस्त ठेवलेला आढळतो.

सालीची गोष्ट तर अधिक नवलाची. बहुतेक झाडांची साल खोडाभोवती सबंध सोलली की झाड मरते, कारण त्याबरोबर अन्नवाहिन्या तुटतात आणि वाढीचा थर उघडा पडून सुकतो. बाओबाबाची साल माणसे हात पोचेल तेथपर्यंत सोलून घेतात, आणि काही वर्षांत तेथे नवी साल येते. केनियातील कांबा स्त्रिया या सालीच्या धाग्यांच्या टोपल्या विणीत. झिंबाब्वेच्या सावे नदीच्या खोऱ्यात तिच्या चटया होतात. दोर, जाळी, वाद्यांच्या तारा, सर्व काही तीतून निघते. डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आपल्या प्रवासवृत्तात हे झाडाचे पुन्हा साल धरणे मोठ्या कौतुकाने नमूद केले आहे. ज्या शक्तीने झाड हत्तीच्या सुळ्यांनी केलेल्या जखमा भरून काढते, त्याच शक्तीचे व्याज माणसाला दोराच्या रूपाने मिळते. मात्र या शक्तीलाही सीमा आहे. सलग दुष्काळ पडला आणि पाण्यासाठी हत्तींनी खोड पोखरीत आतवर नेले, तर झाड कोसळते; आणि सालही विश्रांतीवाचून पुनःपुन्हा काढली, तर उत्तरोत्तर पातळ व निकृष्ट येते.

आता ज्या विषयासाठी मी मुख्यत्वे उभा राहिलो, त्याकडे वळतो. 1352 साली इब्न बतूता सहारा ओलांडून मालीच्या राजधानीकडे निघाला, तेव्हा वाटेत त्याला प्रचंड झाडे दिसली. त्यांपैकी काही आतून पोकळ झालेली असून त्यांत पावसाचे पाणी साठलेले होते आणि वाटसरू ते विहिरीचे पाणी प्यावे तसे पीत. काहींत मधमाश्यांची पोळी होती. आणि एका झाडाच्या पोकळीत तर एक विणकर आपला माग मांडून कापड विणीत बसलेला त्याने पाहिला. अभ्यासकांच्या मते ते वृक्ष बाओबाबच.

मालीच्या वाटेवर जे सहज घडत होते, त्याची पश्चिम सुदानातील कोर्दोफानच्या लोकांनी पुढे व्यवस्था लावली. तेथे या झाडाला ‘तबल्दी’ म्हणतात. हा प्रांत वाळूचा. नदी नाही, विहिरी फार खोल आणि दूरदूर. हमर जमातीच्या लोकांनी जिवंत तबल्दी आतून कोरून त्यांची टाकी केली. फांद्या फुटतात त्या खांद्यापाशी एक भोक पाडावयाचे, त्यातून माणसाने आत उतरून मऊ लाकूड कोरून काढावयाचे, आणि भोवतालच्या सालीला व तिच्या लगतच्या जिवंत थराला धक्का लागू द्यावयाचा नाही. पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती जमीन खणून उथळ खळगा करतात. त्यात पाणी साचले की एक जण कातडी पोहऱ्याने ते वर देतो आणि दुसरा ते भोकातून आत ओततो. एका झाडात अशा रीतीने काही हजार लिटर पाणी मावते, आणि ते महिनोन्महिने गोड राहते. झाड मरत नाही. ते पालवते, फुलते, फळते, आणि पोटात गावाचे पाणी वागविते.

या झाडांना प्रत्येकी नाव असे. प्रत्येकाचा धनी ठरलेला असे, आणि तो हक्क बापाकडून मुलाकडे वारशाने जाई. वाटसरूला पाणी विकत घ्यावे लागे. वहिवाटीचे तंटे होत आणि जमातीच्या पंचांपुढे ते तोडले जात. पुढे इंग्रजी अंमल आला, तेव्हा सरकारी दफ्तरातही या झाडांची मालकीवार नोंद झाली. ज्या अंमलाच्या जंगलखात्याला हे झाड बिनमोल वाटले असते, त्याच अंमलाच्या महसूलखात्याला त्याची मिळकत म्हणून नोंद घ्यावी लागली, याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. झाड कोणाचेच नसते तेव्हा ते राखावयास कोणी पुढे येत नाही. पण त्याचबरोबर, ते ज्याचे आहे त्याला ते तोडण्यात लाभ असेल, तर मालकीचा हक्क म्हणजे कुऱ्हाडीचा परवानाच ठरतो. तबल्दीच्या बाबतीत दोन्ही अनिष्टे टळली. झाड मालकीचे होते, आणि ते उभे असेल तरच त्याची मिळकत होती. मादागास्करच्या नैर्ऋत्येस महाफाली लोकांनीही तेथल्या जातीचे बाओबाब कोरून पाणी साठविण्याची रीत स्वतंत्रपणे काढली, यावरून ही काही एखाद्या बुद्धिमान शेखाची लहर नव्हती, तर झाडाच्या प्रकृतीतच तशी सोय होती, हे उघड होते.

वयाचा विषय निघाल्याखेरीज बाओबाबाची कथा पुरी होत नाही. मिशेल आदाँसाँ हा तरुण फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ 1749 साली सेनेगालला पोचला. काप-व्हेर जवळच्या मादलेन बेटांवर त्याने असे बाओबाब पाहिले की ज्यांच्या सालीवर पूर्वीच्या युरोपी खलाशांनी आपली नावे कोरलेली होती. त्या अक्षरांच्या वयावरून झाडाच्या वाढीची गती काढून त्याने सर्वांत मोठ्या झाडांचे वय 5,150 वर्षांपर्यंत नेले. लिनियसने या वृक्षाच्या प्रजातीला आदाँसाँचे नाव दिले. आदाँसाँला मात्र ते रुचले नाही, बाओबाब हेच नाव राखावे असे त्याचे मत होते, आणि त्यात मला त्याच्या मनाचा मोठेपणा दिसतो. हे पाच हजारांचे वय बायबलातील प्रलयाच्या आधी जाऊ लागले, तेव्हा लिव्हिंग्स्टनने वलये मोजून ते पुष्कळच खाली आणले. पण बाओबाबाची वलये अस्पष्ट असतात, आणि जुन्या झाडाच्या मध्यभागी लाकूडच उरलेले नसते. तेव्हा वलयांवर भिस्त ठेवता येत नाही. घेर तर पावसाबरोबर बदलतो, हे मी सांगितलेच. 1963 साली स्वार्ट या संशोधकाने किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने करिबाच्या परिसरातील सुमारे साडेचार मीटर व्यासाच्या एका झाडाचे वय मोजले, ते सुमारे एक हजार वर्षे भरले. त्यानंतर रुमानियातील आद्रियान पात्रुत आणि त्यांचे सहकारी यांनी याच पद्धतीने साठांहून अधिक वृक्ष तपासले. त्यांचे म्हणणे असे की, मोठा बाओबाब म्हणजे एक खोड नसून वर्तुळात उगवलेली अनेक खोडे एकमेकांत मिसळून झालेला संघ असतो, आणि त्यातील कित्येक पोकळ्या पोखरून झालेल्या नसून त्या खोडांच्या मधली मोकळी जागा होय. झिंबाब्वेतील पांके नावाच्या वृक्षाचे वय त्यांनी सुमारे 2,450 वर्षे ठरविले. कार्बनने वय मोजलेल्या सपुष्प वृक्षांत इतके दीर्घ आयुष्य दुसऱ्या कोणाचे आढळलेले नाही, असे त्यांचे म्हणणे.

ते आयुष्य संपले. पांके 2010-11 मध्ये कोसळला. बोट्स्वानाच्या मीठपटांत उभा असलेला, प्रवाशांची खूण असलेला चॅपमनचा बाओबाब जानेवारी 2016 मध्ये पडला. पात्रुत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात नमूद केले की, त्यांनी तपासलेल्या सर्वांत वृद्ध 13 वृक्षांपैकी 9 आणि सर्वांत मोठ्या 6 पैकी 5 वृक्ष गेल्या बारा वर्षांत समूळ मेले किंवा त्यांचे सर्वांत जुने भाग कोसळले. उष्णता आणि अवर्षण यांत झालेला बदल हे कारण असावे अशी त्यांना शंका आहे. सर्व बाओबाबांना हेच लागू पडते असे म्हणावयास इतर अभ्यासक राजी नाहीत, आणि मलाही घाईने निकाल द्यावासा वाटत नाही. पण दोन हजार वर्षांचे दुष्काळ ज्यांनी पचविले, ते एका पिढीच्या डोळ्यांदेखत जावेत, ही गोष्ट मनाला चटका लावून जाते.

हा वृक्ष आपल्या देशी आला तो माणसांच्याच हातून. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासावरून असे दिसते की, तो एकदाच आणि एकाच ठिकाणाहून आला नाही. आफ्रिकेतील निरनिराळ्या ठिकाणांहून, निरनिराळ्या काळी त्याचे बी भारतात पोचले. अरब व्यापारी, पोर्तुगीज दर्यावर्दी आणि दख्खनच्या व गुजरातच्या सुलतानांच्या पदरी असलेले हबशी सैनिक ज्या वाटांनी आले, त्याच या बियांच्या वाटा होत. निजामशाहीचा कारभार ज्याने सावरून धरला तो मलिक अंबर हबशी होता, जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकी वंशाचे. त्यांच्या मागे राहिलेल्या तटबंदी आणि नहरी आपण इतिहास म्हणून पाहतो, तर त्याच मंडळींबरोबर आलेल्या या झाडालाही इतिहासाचे साधन मानावयास हरकत नसावी. मांडूच्या पठारावर, जेथे पुढे धारच्या पवारांचा अंमल झाला, हे वृक्ष शेकडोंनी आहेत आणि त्यांना खुरासानी इमली म्हणतात. गोवळकोंड्याच्या नव्या किल्ल्यातील झाडाच्या पोकळीत अनेक माणसे मावतात. बाराबंकीजवळ किंतूर येथील झाडाला लोक पारिजात म्हणून पुजतात. सावनूरच्या मठात असेच महाकाय वृक्ष आहेत. गुजरात आणि कोकणच्या किनाऱ्यावर कोळी लोक याच्या वाळलेल्या पोकळ फळांचे जाळ्यांना तरंगे बांधीत.

महाराष्ट्रात जी झाडे उरली आहेत, त्यांतील पुष्कळ एकेकटी उभी आहेत, म्हणून मघाशी सांगितल्याप्रमाणे त्यांना फळ धरण्याचा संभव कमी. आपल्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, ही समाधानाची गोष्ट. परंतु हा कायदा शहरी भागापुरता आहे, आणि वय काढावयाची जी सोपी साधने, म्हणजे घेर आणि वलये, ती गोरखचिंचेला लागू पडत नाहीत. तेथे जुनी छायाचित्रे, जुने नकाशे, वृद्धांच्या साक्षी, देवस्थानाचे कागद हाच पुरावा. आणि तो रस्तारुंदीचा हुकूम निघाल्यावर नव्हे, तर त्यापूर्वी गोळा झाला पाहिजे.

म्हणून श्रोत्यांना माझी विनंती आहे. आपल्या गावी, शाळेच्या आवारात, दर्ग्यापाशी वा किल्ल्यात गोरखचिंच असेल, तर छातीच्या उंचीला तिचा घेर मोजा, आणि तो पावसाळ्याच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या अखेरीस असा दोनदा मोजा. ती केव्हा पालवते, केव्हा फुलते, फळ धरते की नाही, हे लिहून ठेवा. फळ धरत नसेल, तर दुसऱ्या ठिकाणचे बी आणून जवळपास एक-दोन रोपे लावा. बी कठीण असते, ते उकळत्या पाण्यात टाकून रात्रभर तसेच भिजू द्यावे म्हणजे रुजते, आणि साध्या पानाचे रोप तण समजून उपटू नये. खेड्यात असाल, तर जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने जी लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते, तीत या झाडाची जागा, घेर आणि त्याच्याशी निगडित रूढी यांची नोंद करवून घ्या. शहरात असाल, तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच मागून घ्या.